गेम, कमान आणि स्टेटस

परवा रात्री साडेदहाला कराडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, जागा हायस का? ह्या पोराच्या मोबाईलचं काय करू सांग." भाचा बारावीला आहे. रात्री हेडफोन लावून बीजीएमआय खेळतो. आतून आवाज येतो, "मार मार, नॉक झालाय, सोडू नको." त्यात तिला तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलेला. गेममधून मुलांना अतिरेकी बनवतात, पालकांनो सावध व्हा, दहा जणांना पाठवा वगैरे. तिने ते मला पाठवलं आणि विचारलं, "खरं असंल का रे? उद्या ह्याच्या डोक्यात कुणी काय भरलं तर?"

फोनवर मी तिला नेहमीसारखं "काही होत नाही गं" म्हणून टाकलं. पण नंतर झोप लागेना. कारण प्रश्न खोटा नाही. फक्त तो ज्या दिशेने विचारला जातो ती दिशा मला पटत नाही. म्हणून जरा इतिहास काढून बसलो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन वाचा.

सुरुवात आपल्यापासूनच करू. नव्वदच्या दशकात सांगलीत टीव्ही गेमचं पार्लर होतं, तासाच्या हिशोबाने पैसे. कॅसेट फुंकून घालायची आणि काँट्रा खेळायचं. दोन माणसं, हातात बंदूक, दिसेल त्याला गोळी. आमचे वडील म्हणायचे पोरगं वाया गेलं. मग सायबर कॅफे आले, तिथे काउंटर-स्ट्राइक. त्यात तर एका बाजूला चक्क 'टेररिस्ट' असायचे आणि आम्ही आळीपाळीने दोन्हीकडून खेळायचो. त्या कॅफेत बसणारे आज बँकेत आहेत, एसटीत आहेत, एक जण माध्यमिक शाळेत गणित शिकवतो.

ही भीती आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत १९७६ साली 'डेथ रेस' नावाचा गेम आला. पडद्यावर काड्यांसारखी माणसं आणि त्यांच्यावर गाडी घालायची. आज बघितलं तर हसू येईल असं चित्र, पण तेव्हा वर्तमानपत्रं पेटली होती. १९९९ ला कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ते 'डूम' खेळायचे हे कळल्यावर सगळा दोष गेमवर गेला. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंसक गेम मुलांना विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. हिंसक गेम खेळण्याचा आणि मुलाच्या आक्रमक वागण्याचा संबंध त्यांना दिसला नाही. अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञांची संघटना थोडं वेगळं सांगते: चिडचिड, ओरडणं, ढकलाढकली इतपत बारीक संबंध दिसतो, पण त्यावरून खून-मारामारीपर्यंत उडी मारता येत नाही.

म्हणजे "मार मार" ओरडणारं पोरगं उद्या कोयता घेऊन फिरेल, या भीतीला आधार फारसा नाही. बहिणीला एवढं सांगून मोकळं होता आलं असतं.

पण तेवढ्यावर थांबलो तर मीही फॉरवर्डवाल्यांइतकाच अर्धवट ठरेन. कारण कडव्या लोकांनी गेमचा वापर केलाय आणि तो बऱ्यापैकी जुना आहे. २००२ साली अमेरिकेतल्या 'नॅशनल अलायन्स' या गोऱ्या वंशवादी संघटनेने स्वतःचा गेम काढला. नावच 'एथनिक क्लीन्सिंग', म्हणजे वंशाचा सफाया. काळे, लॅटिन आणि ज्यू लोक दिसतील तसे मारत जायचे. पुढच्याच वर्षी लेबनॉनमध्ये हिजबुल्लाने 'स्पेशल फोर्स' काढला, त्यात इस्रायली सैनिकांशी लढायचं. आणि नुसत्या संघटनाच कशाला, खुद्द अमेरिकेच्या लष्करानेही २००२ मध्ये 'अमेरिकाज आर्मी' नावाचा गेम फुकट वाटला, सैन्यभरतीसाठी. तरुण पोरगं कुठे बसतं हे सगळ्यांनाच एकदम कळलं होतं म्हणायचं.

हे गेम काढून फार पोरं गळाला लागली असं मात्र दिसत नाही. खरा बदल नंतर झाला. तो गेममध्ये झाला नाही, गेमच्या आजूबाजूला झाला. खेळता खेळता बोलायची सोय आली. मग खेळ संपल्यावरही बोलत बसायला डिस्कॉर्डसारख्या जागा आल्या. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत एकाने ५१ माणसं मारली. डोक्याला कॅमेरा लावून त्याने ते फेसबुकवर लाइव्ह दाखवलं. बघणाऱ्याला वाटावं गेमच चाललाय, बंदुकीची नळी समोर आणि मागे माणूस दिसत नाही. त्याने मागे ठेवलेल्या पत्रकात 'गेममुळेच मी असा झालो' अशी पत्रकारांची मुद्दाम चेष्टाही करून ठेवली होती, म्हणजे आपण सगळे पुन्हा त्याच वादात अडकावं. पुढे तिथल्या चौकशी आयोगाने खोदून बघितलं. माणूस गेम खेळायचा, खेळताना द्वेषाचं बोलायचाही. पण त्याच्या विचारांना खतपाणी घालणाऱ्या गोष्टींत यूट्यूबचं नाव ठळक निघालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीत हाले शहरात ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर हल्ला करणाऱ्याने गेमवाल्यांच्या ट्विचवर लाइव्ह केलं. २०२२ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या एका दुकानात दहा काळ्या माणसांना मारणारा पोरगा १८ वर्षांचा होता आणि कित्येक महिने डिस्कॉर्डवर आपली तयारी लिहून ठेवत होता. सिंगापूरमध्ये तर २०२३ साली १६ वर्षांच्या मुलाचं प्रकरण पुढे आलं. लहान मुलांच्या रोब्लॉक्समध्ये त्याने इसिसचा आभासी मुलूख पकडलेला.

या सगळ्यात समान काय आहे बघा. नेम धरायला गेमने शिकवलं असं नाही. पोराला बसायला एक खोली मिळाली, तिथे टोळी मिळाली, आणि त्या टोळीत आधी गंमत म्हणून, शिवी म्हणून, मीम म्हणून जे चालतं ते हळूहळू खरं वाटायला लागलं. घरातल्या मोठ्या माणसाला त्या खोलीचा पत्ताच नाही.

आणि अफवाही तेवढ्याच. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर प्लेस्टेशनवरून बोलत होते अशी बातमी जगभर गेली. प्रत्यक्षात बेल्जियमचे एक मंत्री हल्ल्याच्या तीन दिवस आधी एवढंच म्हणाले होते की प्लेस्टेशनवरचं बोलणं पकडणं अवघड असतं. ते वाक्य उचलून हल्ल्याला चिकटवलं गेलं.

आपल्याकडे पब्जीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा बरेच पालक म्हणाले, बरं झालं, पोरं हिंसक होत होती. बंदीचं कारण ते नव्हतंच. गलवाननंतर चीनशी संबंधित ११८ ॲप बंद झाले त्यात पब्जी गेलं. वर्षभरात ते बीजीएमआय होऊन परत आलं, रक्ताला हिरवा रंग देऊन. (हा हिरवा रंग कुणाच्या डोक्यातून आला देव जाणे. भाचा म्हणतो, "मामा, माणूस मारला का टोमॅटोचं रोप उपटलं तेच कळत नाही.") मग जून २०२३ मध्ये गाझियाबाद पोलिसांनी आरोप केला की फोर्टनाइट खेळणाऱ्या अल्पवयीन मुलांना डिस्कॉर्डवर गाठून धर्मांतर केलं जातंय. आरोपी मुंब्र्याचा, पकडला अलिबागजवळ. ते प्रकरण धर्मांतराच्या आरोपाचं, हिंसेचं नाही, पण टीव्हीवर 'गेमिंग जिहाद' शब्द आठवडाभर फिरला. मुंब्र्यात शेकडो धर्मांतरं झाल्याचा आकडा आला. तिथले आमदार जितेंद्र आव्हाड यांनी पुरावा दाखवा म्हणून जाहीर आव्हान दिलं. माझ्या बहिणीला आलेला फॉरवर्ड याच घराण्यातला आहे, मजकूर जुना, तारीख नवी.

आता आपल्या घरात येऊ. सातारा आणि सांगली. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आपल्या या दोन जिल्ह्यांत माणसं कशाने पेटली?

२००९ चा गणेशोत्सव मी मिरजेत होतो. स्टेशन रोडला एका दुकानात कामाला. एका मंडळाच्या स्वागत कमानीवर अफझलखानाच्या वधाचं चित्र होतं, त्यावरून वाद झाला. २ सप्टेंबरला दगडफेक, मग संचारबंदी. लोण सांगलीला, इचलकरंजीला, कोल्हापूरपर्यंत गेलं. मिरजेत विसर्जन रखडलं. ज्या मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, जिथली सतार-तंबोरे घेऊन गायक जगभर जातात, त्या गावात शटर अर्धं खाली ओढून आम्ही बसलो होतो.

आता जे लिहितोय ते आजवर कुठे लिहिलेलं नाही. माझ्याकडे तेव्हा ब्लूटूथवाला नोकिया होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक क्लिप आली. अर्ध्या मिनिटाची, हललेली, कुणी काय करतंय नीट दिसत नव्हतं. कोणत्या बाजूची माणसं आहेत हे फक्त देणाऱ्याने सांगितलं म्हणून कळलं. मी ती बघितली, रक्त उसळलं, आणि मी ती पुढे पाच जणांना दिली. ब्लूटूथने देताना माणूस समोर उभा असतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघत दिली. त्यातल्या दोघांचं पुढे काय झालं, ते रस्त्यावर उतरले का, मी विचारलं नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, बारावीतला नव्हतो. आणि त्या आठवड्यात मी एकही गेम खेळलो नव्हतो.

त्या चित्राचंही बघा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याला जे झालं ते आपण लहानपणापासून ऐकतो. महाराजांनी खानाला मारलं, आणि त्याच्या देहाचं दफनही रीतसर करू दिलं. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. म्हणजे ती एका राज्याची दुसऱ्या राज्याशी लढाई होती आणि दोन्हीकडे सगळी माणसं होती. कमानीवर यातलं काही मावत नाही. गेममध्ये कसं, समोरच्याच्या डोक्यावर लाल खूण दिसली की तो शत्रू, बाकी विचार करायचा नाही. चित्र वाईट नव्हतं, ते तसल्या लाल खुणेसारखं वापरलं गेलं. पोरांनी नाही वापरलं, मिशीवाल्या माणसांनी वापरलं. १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं, एवढं आठवून बघा.

त्याच ऑक्टोबरच्या १६ तारखेला, दिवाळीच्या तोंडावर, गोव्यात मडगावला स्फोट झाला. स्कूटरवरून स्फोटकं नेणारे दोघे त्यातच मेले. त्यातला एक आपल्या सांगली जिल्ह्यातला होता. पुढे खटल्यात पकडलेले बाकीचे आरोपी निर्दोष सुटले, त्यामुळे त्या पोराच्या डोक्यात कुणी काय भरलं याचं उत्तर कोर्टातून मिळालं नाही. त्याच्या घरच्यांनाही नाहीच मिळालं असणार.

आणि दाभोलकर. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिकले सांगलीच्या विलिंग्डनला आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात. खेळाडू माणूस, कबड्डीत देशाकडून खेळलेला, शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेला. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. गोळ्या घालणारे तरुण सापडले. त्यांना तिथवर कुणी आणलं हे आजही अंधारात आहे. हिंसक कट्टरता म्हणजे काय असते ते साताऱ्याला कुणी इंग्रजी अहवालातून समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये विचाराल. जुलै २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला इसिसशी जोडलेले म्हणून जे तरुण पकडले, त्या टोळीने पैशासाठी साताऱ्यातलं एक साडीचं दुकान लुटलं आणि आपल्या भागातल्या जंगलात स्फोटांची चाचणी केली, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे. त्यांच्यातले काही चांगले शिकलेले होते.

यातल्या एकाही प्रकरणात गेमचं नाव माझ्या वाचनात आलेलं नाही. कमान आहे, क्लिप आहे, बैठक आहे, कुणीतरी वयाने आणि अकलेने मोठा माणूस आहे.

मग आलं २०२३. जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून ७ तारखेला बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. तीन महिन्यांनी आमच्या खटाव तालुक्यात पुसेसावळी. माझं आजोळ तिथून फार लांब नाही, बाजाराला लहानपणी गेलोय. १० सप्टेंबरची रविवार रात्र. गणपती नऊ दिवसांवर. इन्स्टाग्रामवर आक्षेपार्ह मजकूर पडला, अकाउंट हॅक झाल्याचं पोरांच्या बाजूने सांगितलं गेलं, पण ते तपासायला थांबतो कोण. जमाव मशिदीवर गेला, दुकानं-गाड्या पेटवल्या. एका तरुणाचा जीव गेला. त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं.

१६५९ मधली गोष्ट कमानीवर यायला साडेतीनशे वर्षं लागली. कमानीवरून ब्लूटूथवर दोन दिवस. इन्स्टाग्रामवरून रस्त्यावर काही तास.

आमच्या भागाला पोरं एकत्र करणं नवं नाही. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात कुंडलला तुफान सेना उभी राहिली, ती तालमीतल्या पोरांच्या जोरावर. हातात हत्यारही होतं. पण कुठला पोरगा कुठल्या तालमीत जातो, वस्ताद कोण, हे गावाला माहीत असायचं. चुकला तर जाब विचारायला माणूस होता. आज आमच्या आळीतलं कुठलं पोरगं कुठल्या ग्रुपात आहे आणि त्या ग्रुपचा वस्ताद कोण, मला सांगता येणार नाही. तुम्हाला येईल?

रविवारी कराडला गेलो. भाच्याला म्हटलं, तुझा गेम दाखव. आधी लाजला, मग दाखवला. तासभर बसलो शेजारी. चौघांचं स्क्वॉड आहे, शाळेपासूनचं. बोलणं काय, तर बुलेट कधी घेणार, फिजिक्सच्या सरांची नक्कल, आणि मधेमधे शिव्या, मामा बसलाय हे विसरून. त्यात काही सापडलं नाही. मग म्हटलं व्हॉट्सॲप दाखव, तुझी मर्जी असेल तर. क्लासचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप. मंडळाच्या ग्रुपवर आठवड्यात चार तशा क्लिपा होत्या. कुठल्या गावच्या, कुठल्या सालातल्या, काही पत्ता नाही. पाठवणारे कोण? एक किराणा दुकानदार, एक निवृत्त क्लार्क, आणि एक आमचाच चुलत मेव्हणा. सगळे चाळिशीच्या पुढचे. बहीण बाजूला उभी होती. तिने तो गेमवाला फॉरवर्ड ज्या नंबरवरून आला होता तो काढून बघितला. तोच मेव्हणा.

मी त्याला फोन केला. भांडण नाही केलं. माझी २००९ ची गोष्ट सांगितली, जी वर लिहिली तीच. तो म्हणाला, "भावजी, मी फक्त पुढं ढकललं." मी म्हणालो, "मी पण."

निघताना भाच्याला सहज विचारलं, स्क्वॉडमधला चौथा कोण रे, त्याचा आवाज आलाच नाही. बाकीच्या तिघांची नावं, आळ्या मला पाठ. तो जरा थांबला. म्हणाला, "मामा, तो मुजावर आळीतला. नववीत असताना सगळ्यात जास्त तोच बडबड करायचा. पुसेसावळी झालं तेव्हा नेट बंद होतं. नेट आल्यावर दोन आठवडे आलाच नाही तो. आम्हाला वाटलं गेम सोडला."

"मग?"

"आला की परत. रोज असतो. पण तेव्हापासून माईक बंद ठेवून खेळतो."